रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम : पोटाच्या तक्रारींच्या अंगाने एक परीक्षण

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांविषयी आमच्या लातूर-धाराशिव भागात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार पोटाची असते. गोळी सुरू केली आणि ॲसिडिटी वाढली, गोळीने पोट साफ होत नाही, गोळीने गॅस धरतो, अशी वाक्ये लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्यातल्या बाकापर्यंत सगळीकडे कानावर पडतात आणि त्यांचा शेवट बहुधा ‘म्हणून बंदच करून टाकली’ असा होतो. म्हणूनच या औषधाचे परीक्षण मी मुख्यतः पोटाच्या अंगाने करणार आहे. रक्तातील आकड्यांवर ते किती काम करते याविषयी फारसा वाद नाही.

मी स्वतः काही वर्षांपासून रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम ही एकाच घटकाची साधी गोळी घेत आहे. माझ्या यजमानांना अँजिओप्लास्टीनंतर ॲटोर्व्हास्टॅटिन आणि ॲस्पिरिन एकत्र असलेली कॅप्सूल दिलेली होती, आणि नांदेडला राहणारे माझे धाकटे दीर मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीने ॲटोर्व्हास्टॅटिन घेतात. म्हणजे एकाच कुटुंबात स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधगटाची तीन रूपे पाहायला मिळाली. मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे वेष्टनातील बारीक अक्षरांचा कागद फेकून देण्याआधी वाचण्याची खोड मात्र लागलेली आहे. तीनही अनुभव आणि तो कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की साधी स्टॅटिनची गोळी बहुतेकांच्या पोटाला फारसा त्रास देत नाही. त्रास देणारे औषध बहुतेक वेळा तिच्या सोबतीला आलेले दुसरेच असते, आणि ते कोणते हे न तपासता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

प्रथम गोळीचे काम थोडक्यात पाहू. शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते, आणि ते तयार करण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर स्टॅटिन अडवते. स्वतःचे उत्पादन घटल्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घेऊ लागते. हे पहिले रसायन अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ साली एका बुरशीत शोधले. आज आपण घेतो ती रोसुव्हास्टॅटिन मात्र पूर्णपणे प्रयोगशाळेत तयार होते. १० मिलिग्रॅमच्या मात्रेने एलडीएल साधारण ४५ टक्क्यांनी उतरते, असे अभ्यास सांगतात. माझे १६८ वरून ९२ वर आले, म्हणजे पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच झाले. मात्रा दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, प्रत्येक दुपटीमागे साधारण ६ टक्क्यांचीच भर पडते. शिवाय आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी गोऱ्या लोकांच्या तुलनेत जवळपास दुप्पट आढळते, म्हणून अमेरिकेतील माहितीपत्रकातही अशा रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असे सुचवलेले आहे. शेजाऱ्याला २० ची गोळी आहे, मला १० चीच का, असे डॉक्टरांना विचारण्यापूर्वी एवढे लक्षात असावे.

आता पोटाकडे वळते. यकृत पित्तातील आम्ले कोलेस्टेरॉलपासूनच बनवते, त्यामुळे या गोळीने पित्त आटेल आणि तेल-तूप पचणार नाही, अशी एक शंका सुशिक्षित लोकही बोलून दाखवतात. नेहमीच्या मात्रेत तसे घडत नाही. माहितीपत्रकात मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब, अपचन, पोटदुखी हे सर्व शब्द येतात हे खरे आहे आणि ते वाचूनच अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण त्याच कागदावर शेजारच्या रकान्यात औषध नसलेली, केवळ दिसायला सारखी गोळी घेतलेल्या लोकांचे आकडेही दिलेले असतात, आणि तो रकाना कोणी वाचत नाही. ॲटोर्व्हास्टॅटिनच्या चाचण्यांत जुलाबाची तक्रार औषध घेणाऱ्यांपैकी ६.८ टक्के लोकांनी केली आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोकांनी. अपचनाचे आकडे ४.७ आणि ४.३ असे आहेत. गोळीमुळे पडलेला फरक शेकड्यात अर्ध्याहून जास्त नाही. उरलेले पोट ज्याचे त्याचे आहे.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर अधिकच बोलका आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना त्यांनी वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी गोळी होती, चारमध्ये नकली होती आणि चार रिकाम्या होत्या. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास सर्वांत कमी होता. पण खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला, त्यातील ९० टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही तसाच वाढला. हा त्रास खोटा होता असे कोणी म्हणत नाही, लोकांना तो खरोखरच होत होता; गोळी गिळण्याच्या कृतीला आणि तिच्याबद्दलच्या धास्तीला तो चिकटलेला होता, गोळीतील रसायनाला नव्हे. या सहभागी लोकांपैकी जवळपास निम्म्यांनी निकाल पाहून पुन्हा गोळी सुरू केली.

तरीही ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून प्रश्न संपवणे मला मान्य नाही, कारण आपल्याकडे ही गोळी बहुधा एकटी येत नाही. यजमानांचेच उदाहरण घेते. रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांना करपट ढेकर, छातीच्या मध्यभागी जळजळ आणि जेवणानंतर पोटात रवंथ केल्यासारखी खळबळ सुरू झाली. ‘काळजासाठी गोळी घ्यावी, तर तीच काळीज जाळती,’ हे त्यांचे वाक्य आमच्या घरी अजून निघते. दोष अर्थातच ‘चरबीच्या गोळी’वर गेला. पट्टीच्या मागच्या बाजूला पाहिले, तर कॅप्सूलमध्ये ॲटोर्व्हास्टॅटिनबरोबर ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन होते. जठराच्या आतील अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारा जो चिकट थर असतो, तो टिकवणाऱ्या रसायनांची निर्मिती ॲस्पिरिन कमी करते; जळजळ, व्रण आणि क्वचित रक्तस्राव हे त्याचे जुने, सिद्ध झालेले दोष आहेत. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून दोन्ही घटक वेगवेगळ्या गोळ्यांच्या रूपात दिले, ॲस्पिरिन दुपारच्या जेवणानंतर आणि ॲटोर्व्हास्टॅटिन रात्री, आणि सकाळी उपाशीपोटी जठरातील आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल जोडले. जळजळ हळूहळू बसली आणि ॲटोर्व्हास्टॅटिन आजही चालू आहे.

एकत्रित कॅप्सूलविषयी माझी मुख्य नाराजी हीच आहे. एक कॅप्सूल घेणे सोपे असते, विसरणे कमी होते, हे तिचे गुण नाकारता येत नाहीत; पण त्रास झाला की त्यातील नेमके कोण भांडते आहे ते कळत नाही, आणि एकाची मात्रा बदलायची तर सगळेच बदलावे लागते. त्याहून वाईट म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीला कंटाळून रुग्ण ती कॅप्सूल आपल्या मनाने सोडतो तेव्हा त्याच्या नकळत ॲस्पिरिनही सुटते, आणि नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसासाठी ही गोष्ट जिवावर बेतू शकते, कारण स्टेंटमध्ये (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत) गुठळी होण्यापासून वाचवणाऱ्या औषधांपैकी ते एक असते. ज्यांना पोटाची जुनी तक्रार आहे, त्यांनी औषध सुरू होतानाच डॉक्टरांकडे सुट्या गोळ्यांची विचारणा करावी, असे मी स्पष्टपणे सुचवीन.

दिरांच्या बाबतीत आरोपी निराळा निघाला. त्यांना सकाळी दोन-तीनदा पातळ शौचाला जावे लागे, आणि त्यांनी आपला संशय नव्याने जोडलेल्या ॲटोर्व्हास्टॅटिनवर ठेवला होता. त्याच भेटीत मेटफॉर्मिनची मात्राही वाढवलेली होती, हे नंतर कागद पाहिल्यावर लक्षात आले. पातळ शौच, गॅस आणि तोंडाला येणारी धातूसारखी चव हे मेटफॉर्मिनचे नेहमीचे परिणाम आहेत. जेवणाबरोबर घेतल्याने आणि हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची गोळी दिल्याने ते बरेच कमी होतात. डॉक्टरांनी तेवढाच बदल केला आणि स्टॅटिनला हात लावला नाही. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल या दोन्हींची औषधे आपल्याकडे असंख्य घरांत एकाच डब्यात असतात, म्हणून हे उदाहरण सविस्तर सांगितले.

माझ्या स्वतःच्या गोळीकडे येते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पोट किंचित जड वाटत असे, ते आपोआप गेले. रोसुव्हास्टॅटिन दिवसातून कोणत्याही वेळी, जेवणाआधी किंवा नंतर घेतली तरी चालते, कारण ती शरीरात बराच काळ टिकते. रात्रीच घ्यायची हा दंडक सिम्व्हास्टॅटिनसारख्या लवकर उतरणाऱ्या जुन्या गोळ्यांसाठी होता. मी ती रात्रीच्या जेवणानंतर घेते ते केवळ लक्षात राहावे म्हणून. मात्र या गोळीची एक अडचण फार कमी लोकांना माहीत आहे आणि तिचा संबंध थेट पोटाशी आहे. ॲसिडिटी झाली की आपण जे पातळ, पुदिन्याच्या चवीचे औषध झाकणभर पितो, त्यात बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांची संयुगे असतात; ते रोसुव्हास्टॅटिनबरोबरच घेतले तर गोळीची रक्तातील पातळी सुमारे निम्म्यावर येते. म्हणजे माणूस गोळी रोज निष्ठेने घेतो, वर ढेकर येऊ नये म्हणून ते औषधही घेतो आणि तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये एलडीएल हलले नाही म्हणून कंपनीला किंवा डॉक्टरांना दोष देतो. गोळी घेतल्यानंतर किमान दोन तासांनी ते पातळ औषध घ्यावे, एवढीच खबरदारी पुरते. हा मजकूर माहितीपत्रकात आहे. पण पट्टी विकणाऱ्याने तो तोंडी सांगितल्याचे मी अजून ऐकलेले नाही, आणि या उत्पादनाला पैकीच्या पैकी गुण न देण्याचे माझे हे पहिले कारण आहे.

याच संदर्भात आणखी एक धोका सांगायला हवा. जठरातील एच. पायलोरी या जंतूवर जो औषधांचा संच देतात, त्यात पुष्कळदा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक असते. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांचा शरीरातून निचरा करणारे विकर ते अडवते, त्यामुळे ॲटोर्व्हास्टॅटिनची रक्तातील पातळी बरीच वाढते आणि सिम्व्हास्टॅटिनबरोबर तर ते मुळीच देऊ नये असे आहे, कारण स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. पोटाचा डॉक्टर वेगळा आणि हृदयाचा वेगळा असेल, तर दोघांनाही दुसऱ्याचा कागद दाखवणे ही रुग्णाचीच जबाबदारी होऊन बसते. रोसुव्हास्टॅटिनचा निचरा मुख्यतः त्या विकरामार्फत होत नसल्यामुळे या बाबतीत ती अधिक सुरक्षित आहे.

खाण्यापिण्याविषयी विचारले जाणारे प्रश्न आपल्या भागाचे खास आहेत. ‘आंबट फळे चालत नाहीत’ असे कोठेतरी वाचून जालन्याची मोसंबी सोडलेले लोक मला माहीत आहेत. औषधात अडथळा आणणारे फळ म्हणजे ग्रेपफ्रूट, आणि त्याच्या जवळचे पपनस. तेही ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनसाठी. मोसंबीने काही बिघडत नाही, आणि रोसुव्हास्टॅटिनवर तर ग्रेपफ्रूटचाही लक्षणीय परिणाम होत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात बसून हरभरा, तूर, वाटाणा आणि पालेभाज्यांची भज्जी, वर उंडे, खीर आणि आंबील असा बेत झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोट फुगले, तर त्याचे खापर आदल्या रात्रीच्या गोळीवर फोडणे अन्यायाचे आहे. एवढ्या डाळी आणि शेंगा एका बैठकीत कोणाच्याही आतड्यात गॅस करतील.

बद्धकोष्ठतेवर मात्र एक उपाय असा आहे की तो दोन्हीकडे उपयोगी पडतो. इसबगोलाच्या भुशीतील विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, त्यांची भरपाई करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते, आणि एलडीएल थोडेसे, साधारण ५ ते १० टक्के, उतरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमबरोबर रोज १५ ग्रॅम इसबगोल घेतल्यावर २० मिलिग्रॅमच्या गोळीइतका परिणाम दिसला होता. लातूरच्या गंजगोलाई बाजारात मिळणारी साधी भुशी यासाठी पुरेशी आहे, चवीची आणि साखरेची महागडी पाकिटे नकोत. मात्र ती भरपूर पाण्याबरोबरच घ्यावी लागते, नाहीतर उलट अडकून बसते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात ही अट लिहिताना हात थोडा अडखळतो. भुशी इतर औषधेही धरून ठेवू शकते, म्हणून गोळी आणि भुशी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि मुगाचे वरण हा आपला जुना आहार पोटासाठी चांगलाच आहे. पण ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि ज्याचे एलडीएल ७० च्या, अनेकदा ५५ च्याही खाली ठेवायचे आहे, त्याचे काम केवळ भाकरीवर भागत नाही.

पर्यायी औषधांविषयी थोडेच लिहिते. इझेटिमिब हे औषध लहान आतड्यात कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते आणि स्टॅटिनला जोडल्यास एलडीएल आणखी २० टक्क्यांच्या आसपास उतरवते. काहींना त्याने पातळ शौचास होते. फेनोफायब्रेट मुख्यतः ट्रायग्लिसराइड या रक्तातील दुसऱ्या प्रकारच्या चरबीसाठी असते आणि पित्ताशयातील खड्यांची शक्यता वाढवते, त्यामुळे आधीच खडे असलेल्यांना ते देत नाहीत. रोसुव्हास्टॅटिन आणि फेनोफायब्रेट एकाच गोळीत मिळतात, म्हणून येथेही पट्टीची मागची बाजू वाचावी. कोलेस्टायरामिनची पूड तर आतड्यातच काम करते आणि बद्धकोष्ठता, पोटफुगी यांसाठी ती खरोखरच बदनाम आहे. ज्या तक्रारी लोक स्टॅटिनच्या नावावर मांडतात, त्या या पुडीच्या बाबतीत रास्त ठरल्या असत्या.

काही लक्षणे मात्र घरी बसून तपासत राहण्यासारखी नसतात. डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणे, बरगडीखाली उजव्या बाजूला सतत दुखणे, कारणाशिवाय दंड-मांड्या ठणकून अशक्तपणा येणे, आणि ॲस्पिरिन घेणाऱ्याला डांबरासारखे काळे शौच होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्टॅटिनमुळे यकृताला गंभीर इजा होणे अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे.

किंमत आणि विक्रीविषयी माझा अनुभव संमिश्र आहे. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांत ही गोळी नामांकित कंपनीच्या पट्टीच्या निम्म्याहून कमी दरात मिळते, आणि ब्रँड बदलून जनेरिक घेतल्यानंतर माझ्या रिपोर्टमध्ये किंवा पोटात काहीही फरक पडला नाही. त्याउलट एका औषध दुकानात मला चिठ्ठीवरील साधी रोसुव्हास्टॅटिन नसल्यामुळे ‘त्यातच हे पण आहे, जास्त चांगलं’ असे सांगून फेनोफायब्रेट मिसळलेली गोळी पुढे करण्यात आली. लाल पट्टा असलेल्या, केवळ चिठ्ठीवर विकायच्या औषधाच्या बाबतीत हा आगाऊपणा खपवून घेऊ नये. मी ती परत केली आणि दुसरीकडून घेतली.

साठवणुकीची बाब लहान वाटते, पण आपल्या उन्हाळ्यात ती लहान राहत नाही. मी पाहिलेल्या पट्ट्यांवर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या पुढे असतो. गॅसच्या शेगडीवरचे फडताळ आणि पत्र्याच्या खोलीतील भिंत या दोन जागा टाळाव्यात. घरातील सर्वांत गार, कोरडा कोपरा पुरतो. शेवटची तक्रार कात्रीची. पाच गोळ्या मागितल्या की दुकानदार पट्टी मधोमध कापतो, आणि नाव व मुदत छापलेला अर्धा भाग त्याच्याकडे राहतो. घरी तीन-चार औषधांचे असे बिननावाचे तुकडे एकाच डब्यात पडले की कोणते ॲस्पिरिन आणि कोणते स्टॅटिन हे वयस्क माणसाला ओळखता येत नाही, आणि पोट बिघडल्यावर शोध घ्यायला काही हाताशी उरत नाही. शक्यतो पूर्ण पट्टीच घ्यावी. कापूनच मिळणार असेल, तर नाव आणि मुदत असलेले टोक मागून घ्यावे.